कमरेला एल्बो

१२ ऑक्टोबर, दसरा

केजच्या डॉक्टरनं बीपीची गोळी वाढवली आन वर सल्ला दिला, "आप्पा, राग आला की बोलू नका, लिहून काढा." पाईप कंपनीची डायरी दरसाल येते आन दरसाल कोरीच रद्दीत जाते. ह्या साली निदान शेवटची पानं तरी कामी येतील. राग काय ऑक्टोबरातच सुरू झाला असं न्हाई, पण असो.

आज दुकानात शस्त्रपूजा केली. पाटावर पान्हा, करवत, आटे पाडायची डाय, तराजू आन मधोमध माझं पिस्तूल. झेंडूचा मोठा हार त्यालाच. शिवगंगानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, सगळ्याला हळदकुंकू लावलं आन पिस्तुलाजवळ आल्यावर हात तसाच पुढं नेला. मी म्हणलं, "हे कावून सोडलं?" तर म्हणे, "पान्ह्यानं घर चाललं. ह्यानं काय केलं ते सांगा, मग लावते." सणाच्या दिवशी बाईच्या तोंडाला कोण लागावं. मीच लावलं कुंकू.

ह्यानं काय केलं म्हणे! लायसन यायच्या आधी ह्या युसूफ वडगावात मला 'ए पाईपवाल्या' म्हणायचे. हॉटेलात गेलो तर उभ्यानं च्या प्यावा लागायचा. आता कमरेला मूठ दिसली की खुर्ची सरकते, फडक्यानं पुसली जाते, आन मग 'बसा आप्पा'. बायकोला हे दिसत न्हाई, कारण ती हॉटेलात जात न्हाई.

१४ ऑक्टोबर

रुचिकाचा फोन. पोरगी जर्मनीत दवाखान्यात नर्स हाय, जावई सिद्धाराम तिथंच कारखान्यात. चार वर्षांनी दिवाळीला येणार, नात शिवांजलीला घेऊन. जावयाला सुट्टी न्हाई. ऐकून एवढा आनंद झाला की गिऱ्हाइकाला उगंच सवलत दिली.

मग अट आली. "आप्पा, बंदूक घरात असंल तर आमी घरात राहणार न्हाई. शिवांजली सहा वर्षांची हाय, सगळ्याला हात लावते."

मला अट! माझ्या घरात! मी बांधलेल्या घरात, जिच्या शिक्षणासाठी मी पाईप विकले तिची अट!

म्हणलं, जर्मनीत काय बंदुका न्हाईत का? तर म्हणे, "हायेत की. शेजारच्या म्हाताऱ्याकडं शिकारीच्या दोन हायेत. लोखंडी कपाटात कुलूप लावून. सरकारचा माणूस न सांगता येऊन कपाट बघून जातो. आमी तिथं पाच वर्षं राहतोय, एकदा बी दिसल्या न्हाईत." मग घ्यायच्या कशाला त्या? कपाटात ठेवायला बायकोचे दागिने काय कमी पडले? दाखवायचीच न्हाई तर बंदूक घेणारा येडाच म्हणायचा.

जर्मनी जर्मनी लावलंय. तिथं नळाला रोज पाणी. तिथं बस ठरल्या मिनिटाला येते. तिथं रात्रपाळी करून ती एकटी चालत घरी जाते. जाय बाई. तिथल्या माणसाला कुणाचं भ्या न्हाई, कारण त्याचं कुणी काही हिसकत न्हाई. इथं आठव्या दिवशी नळ येतो आन त्याच्यावरून डोकी फुटतात. त्या म्हाताऱ्याला आणा इथं, महिन्यात कपाटातून बंदूक काढून कमरेला लावतो का न्हाई बघा.

तिच्या डोक्यात अजून तिच्या लग्नातलं ते हाय, मला माहीत हाय. वरातीत मी हवेत एक बार काढला, तर गोळी मंडपाच्या पत्र्यातून खाली येऊन पिठल्याच्या पातेल्यात पडली. स्वयंपाकाची तुळजाबाई पातेल्याजवळ उभी होती, तिला काही झालं का? न्हाई. उगं दोन दिवस बोलली न्हाई, एवढंच.

शिवगंगाचा तीन महिन्यांचा विसा बी पोरीनं काढून ठेवलाय, तिला संगं न्यायला. ही म्हणते 'बघू'. बघणार काय, मला भाकरी कोण टाकंल? जात न्हाई ती.

१६ ऑक्टोबर

निवडणूक लागली. आचारसंहिता. दरवेळी हेच. ज्याच्याकडं लायसन त्यानं हत्यार ठाण्यात जमा करा, निकाल लागल्यावर घेऊन जा. ज्याच्या जिवाला मोठा धोका त्याला सूट मिळते. म्हणजे मोठ्या माणसाला. आपण अर्ज केलाय. 'व्यवसायामुळे जिवाला धोका' असं लिहिलंय.

गावात ज्याचं जमा झालं त्याचं लोक काय म्हणतात ते मी गेल्या खेपेला ऐकलंय. "ह्याच्या जिवाला कोण धोका देतंय, ह्याला कोण वळखतंय!" त्या वेळी मी पंधरा दिवस ताप आलाय म्हणून घरात बसलो होतो.

१९ ऑक्टोबर

सूट न्हाई. जमा केलं.

भागवत हवालदार सभ्य माणूस हाय, पण हसत बोलायची खोड वाईट. "आप्पा, कव्हर ठेवायचं असंल तर घेऊन जा, ते काय आमाला नको." कातडी कव्हर हातात घेऊन मागच्या दारानं निघालो. बाहेर हॉटेलात चार डोकी होती, पण कुणी बघितलं न्हाई. कव्हर पिशवीत होतं.

घरी सांगितलं न्हाई. शिवगंगाला सांगितलं की नळावर जाईल आन नळावरून गावात.

२० ऑक्टोबर

रिकामं कव्हर लावलं तर लगेच वळखू येतं, त्याचं पोट आत गेलेलं दिसतं. दुकानात बसल्या बसल्या सुचलं. पांढऱ्या पाईपाचा वीतभर तुकडा कापला, त्याला अर्ध्या इंची एल्बो, म्हणजे पाईप वळवायचा वाकडा जोड, सोल्युशननं चिकटवला आन वरून वायरमनची काळी टेप गुंडाळली. कव्हरात घातला. एल्बोचा वाक बरोबर मुठीसारखा बाहेर राहतो. आरशात बघितलं, मला सुद्धा खरं वाटलं.

बीड जिल्ह्यात एवढे पाईपवाले, पण हे डोकं एकाचं.

आता गावानं समजायचं ते समजावं. आप्पाला सूट मिळाली.

२४ ऑक्टोबर

आज त्या गहिनीनाथाला धडा शिकवला. आमच्या शेजारचा, शेतीवाला, पुढाऱ्याच्या मागंपुढं फिरणारा. त्याच्याकडं बी लायसन हाय, पण त्याचं जमा झालंय हे साऱ्या गावाला माहीत हाय. त्यानं साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्या दुकानाच्या पाटीवर बांधला. आख्खी पाटी झाकली. 'संगमेश्वर पाईप्स' मधलं 'पाई' एवढंच दिसत होतं.

मी बाहेर आलो. म्हणलं, "गहिनीनाथ, सोड बे ते." तो म्हणला, "चार दिवस ऱ्हाऊ द्या की आप्पा, साहेब बघून जाणारेत." मी शर्ट जरा बाजूला केला आन मुठीवर हात ठेवला.

असा बदलला गडी! दोन्ही हात जोडले, "चुकलं आप्पा, चुकलं, लेकरंबाळं हायेत माझी," आन स्वतः शिडीवर चढून फ्लेक्स सोडला. हॉटेलातले सगळे उठून उभे राहिलेले. एकाच्या बी तोंडून शब्द न्हाई, अर्ध्यांनी तोंडाला रुमाल लावलेला. काहींच्या डोळ्यात पाणी आलं होतं. एवढी दहशत मी खऱ्या पिस्तुलानं बी बघितली न्हवती.

संध्याकाळी बीपी मोजला, एकदम नॉर्मल. डॉक्टरला काय कळतं.

२९ ऑक्टोबर

हे सगळं आज लिहिलं न्हाई तर डोकं फुटंल.

दुपारी गाडी दारात आली. शिवांजली उतरली. लाल बूट, केस कापलेले, माझ्या आईसारखं नाक. पळत आली आन पायाला मिठी मारली. उचलून घेतलं. पोरगी जड झालीय. मराठी बोलते, पण तोलून तोलून, जसं काय प्रत्येक शब्द फुटंल.

नेमका तेव्हाच गहिनीनाथ चार पोरं घेऊन प्रचाराची पत्रकं वाटत दारात उभा. रुचिकाची नजर माझ्या कमरेवर गेली. तिचं तोंड उतरलं. शिवांजलीला माझ्या हातातून काढून घेतलं आन सगळ्यांसमोर म्हणली, "आप्पा, मी फोनवर काय सांगितलंतं?"

मी म्हणलं, "आत चल, बोलू."

"आधी ते काढा. दुकानात ठेवा, कुठंबी ठेवा. मग आत येते."

गहिनीनाथ दात काढून म्हणला, "काढा की आप्पा, लेक म्हणायली तर. आमी बी बघतो एकदा, कसलं हाय ते."

आता सांगा, काढायचं कसं? काढलं असतं तर निवडणूक संपेस्तोवर गावानं मला एल्बोआप्पा म्हणलं असतं. मी म्हणलं, "हे माझ्या कमरेला राहणार. ज्याला पटत न्हाई त्यानं आपलं बघावं."

दारातल्या ओट्यावरच बसली ती. शिवगंगानं च्या बाहेर आणून दिला. पत्रकवाले गेल्यावर परत बोलायला लागली, सावकाश, दवाखान्यात पेशंटला बोलतात तसं. "तिथं लोक लई चांगले आन इथले वाईट असं मी म्हणत न्हाई आप्पा. तिथं दवाखाना वेळेवर मिळतो, पाणी मिळतं, तक्रार केली तर कुणीतरी ऐकतं. म्हणून कुणाला कमरेला काही लावायची गरज पडत न्हाई."

मी म्हणलं, "हेच तर मी म्हणायलो! इथं कुणी ऐकत न्हाई म्हणून लागते."

"आठ-नऊ वर्षं झाली लावून. नळाला रोज पाणी आलं का?"

नर्सचं शिकवलं का वकिलीचं मी हिला? पाण्याचा आन पिस्तुलाचा काय संबंध? माझा आवाज चढला. शिवांजली आईच्या मागं लपली आन तिथून माझ्या कमरेकडं बघत राहिली. डोळे एवढाले.

गाडी परत फिरली. लिंबागणेशला मामाकडं, वैजिनाथकडं गेली. बॅगा उतरल्याच न्हाईत.

त्या वेळी दारात कुणी न्हवतं. मी सांगू शकत होतो. पण एकदा बोललो ते बोललो. बापानं तासाभरात शब्द फिरवायचा का? आन जाऊन जाईल कुठं, येईल दोन दिवसात. आईशिवाय दिवाळी कशी करंल.

३० ऑक्टोबर

शिवगंगानं चकल्या केल्या न्हाईत. म्हणे, खाणार कोण.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी दुकानात पूजा मांडली. रुचिकाला फोन लावला, सणाचा आशीर्वाद द्यावा म्हणून. माघार म्हणून न्हाई. फोन शिवांजलीनं उचलला.

"आजोबा, तुमची बंदूक झोपली का?"

म्हणलं, काय?

"आमच्या तिथल्या आजोबांची बंदूक कपाटात झोपते. आई म्हणते, तुमची झोपत नाही, म्हणून आपण मामाआजोबांकडे झोपतो."

अगदी ओठावर आलं होतं. शिवांजली, बाळा, बंदूक न्हाईच घरात. पाईपाचा तुकडा हाय, ये, दाखवतो, फुंकर मारली तर वाजतो सुद्धा. तोंड उघडलं आन त्याच वेळी गहिनीनाथ प्रसादाला दुकानात शिरला. त्याची नजर थेट कव्हरावर.

मी म्हणलं, "जागी हाय. राखण करायली."

"बरं," म्हणली आन फोन ठेवला.

गहिनीनाथ पेढा खात थांबला. म्हणला, "नात का? बोलवून घ्या की आप्पा. सणाला लेकरू घरात पायजे." ह्याच्या बापाचं काय जातंय! ह्याच्यामुळंच तर नेमकं... जाऊ द्या. पेढा दिला आन वाटंला लावला.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

शिवगंगा भावाला ओवाळायला लिंबागणेशला गेली. दरसाल जाते, संध्याकाळी येते. ह्या खेपेला मोठी बॅग घेतली. म्हणलं, भाऊबीजेला एवढी बॅग? म्हणे, "गोधड्या हायेत." मी बी येडा, गोधड्या कोण नेतं भावाला.

निघताना दारात थांबली. "अवो, अजून बी सांगते. ते एक काढून ठेवा. दोघी आजच्या आज येतील. मी आणते त्यांना."

मी म्हणलं, "निवडणूक होऊ दे. मग बघू."

"निवडणुकीचा आन ह्याचा काय संबंध?"

हे मी तिला कसं सांगणार होतो? ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग रिक्षात बसली.

संध्याकाळी आली न्हाई. वैजिनाथचा फोन आला, "दाजी, अक्का थांबतेय इथं." सालं मेव्हण्याचा आवाज बी चढलेला.

७ नोव्हेंबर

गेली. विमानानं. माझ्या बायकोनं लातूरच्या पुढं कधी गाडी बदलली न्हाई, आन जर्मनीला गेली!

विमानतळावरून फोन केलता. "पिठाचा डबा वरच्या फळीवर हाय. बीपीची गोळी सकाळी नाश्ता करून घ्या." एवढंच. मी म्हणलं, तिथं थंडी लई असती म्हणे, तुला झेपायची न्हाई, आठ दिवसात परत येशील. तर म्हणे, "थंडीच असती ना? बरं हाय मग."

तीन महिने! तिघींनी मिळून ठरवून केलं हे. मला झुकवायला. मी झुकत नसतो. भाकरी मला बी येते. आज केली. एका बाजूनं जळली, पण खाल्ली सगळी.

१३ नोव्हेंबर

व्हिडिओ फोन आला. शिवगंगा स्वेटर घालून नळाखाली हात धरून बसलेली. नळ सोडलेला! म्हणे, "गरम येतं अवो. कवाबी सोडा, येतंच." दिवसातून पाच वेळा सोडून बघते म्हणे. इथं मी जिल्हाभर पाईप विकले, आन माझ्या बायकोला नळाचं पाणी बघायला समुद्रापार जावं लागलं. ह्याचा राग यावा का हसावं कळंना. रागच आला.

तिकडं आमची म्हातारी जोमात दिसली. इकडं स्वयंपाकघरात मुंग्या झाल्यात.

एल्बोची टेप सुटायलीय. घामानं चिकटपणा गेला. उद्या नवी गुंडाळतो.

२० नोव्हेंबर

मतदान केलं. रांगेत सगळ्यांनी नमस्कार केला. एकजण म्हणला, "आप्पा, पांढरं दिसायलंय." मला वाटलं केसाचं म्हणतो.

२७ नोव्हेंबर

निकाल लागून चार दिवस झाले. माझं डोकं आज ठिकाणावर न्हाई, पण जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दुकानात गिऱ्हाईक होतं, गहिनीनाथ बी होता, ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेला. तेवढ्यात भागवत हवालदार मोटरसायकल लावून आत आला. मोठ्या आवाजात, "आप्पा, सगळ्यांनी आपापली हत्यारं नेली. तुमचं एकट्याचं पडलंय ठाण्यात. कवा नेताव?"

कव्हर कमरेलाच होतं. मी गहिनीनाथाकडं बघितलं. म्हणलं, आता हा हसणार, आता गावभर करणार.

तो हसला न्हाई. नळीचं भेंडोळं खाली ठेवलं आन म्हणला, "आप्पा, आमाला पहिल्या दिवशीच माहीत हाय. तुमी जमा केलं तवा मी ठाण्यात आतल्या खोलीत सही करत होतो, माझं बी त्याच दिवशी जमा झालं. तुमी पिशवी धरून मागच्या दारानं गेलाव. पुढं एल्बो बी कळला, टेप सुटल्यावर पांढरं दिसायचं."

"मग त्या दिवशी शिडीवर कावून चढलास?"

"मजा केली आप्पा. सगळं हॉटेल हसत होतं, तुमाला दिसलं न्हाई?" मग जरा थांबून म्हणला, "पण लेक गेली तवा मला वाईट वाटलं. मी मुद्दाम म्हणलो, काढा म्हणून. म्हणलं, हसतील चार दिवस, पण लेकरू तरी घरात येईल. मला वाटलं, मागनं तरी तुमी पोरीला सांगितलंच असंल."

गावात एक माणूस न्हवता ज्याला माझ्या कमरेचं खरं वाटलं. खरं वाटलं ते फक्त माझ्या घरातल्या तिघींना.

सगळ्यांना हाकललं, शटर अर्धं ओढलं आन रुचिकाला फोन लावला. राग एवढा होता की नंबर दोनदा चुकला. म्हणलं, हिच्यामुळं झालं सगळं. खात्री न करता निघून गेली. आता हिला दाखवतोच चूक कुणाची ते. फोन उचलल्याबरोबर सुरुवात केली, "घरात बंदूक न्हवतीच! ठाण्यात जमा होती, तू यायच्या आधी दहा दिवस! कव्हरात पाईपाचा एल्बो होता! उगं माझ्यावर आळ घेऊन गेलात. इचार हवालदाराला! इचार साऱ्या गावाला!"

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता आली ताळ्यावर.

मग म्हणली, "बंदूक असती तर मी समजले असते, आप्पा. तुमचं आडमुठेपण म्हणून सोडून दिलं असतं. पण न्हवती. न्हवती, तरी तुमी आमाला जाऊ दिलं."

मी म्हणलं, अगं दारात गहिनीनाथ होता.

"तो गेल्यावर?"

मी म्हणलं, शिवांजलीला दे फोन. तिला सांगतो बंदूक न्हवती म्हणून, लेकराच्या मनातलं भ्या जाईल.

"सांगा की. पण ती विचारंल, मग आजोबांनी आपल्याला थांबा कावून न्हाई म्हणलं. काय सांगणार ते आधी ठरवा, मग तिला उठवते."

मागून शिवगंगाचा आवाज आला, "कोण हाय गं?" रुचिका म्हणली, "आप्पा." फोन मीच ठेवला.

पिस्तूल आणायला गेलो न्हाई. भागवतला म्हणलं, पडू द्या. कव्हर काढून गल्ल्यावर ठेवलंय, त्यातून एल्बो बाहेर दिसतोय, टेप निम्मी सुटलेली.

डॉक्टर म्हणला होता, राग आला की लिहा. अर्धा तास झाला पेन घेऊन बसलोय. राग येईना.